आखूड पान

स्वयंपाकघरात उजेड फार होता. कुलूप काढून आत पाऊल टाकलं तेव्हा तिला वाटलं, हा डॉक्टरांचा प्रताप. नऊ दिवसांपूर्वी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि तेव्हापासून लेकीच्या घरी राहून ती आज आपल्या दोन खोल्यांत परत येत होती. काळ्या चष्म्यातूनही ओटा लखलखत होता. किटलीला आलेले पोचे दिसत होते, नळाच्या बुडाशी साचलेला पांढरा थर दिसत होता. अगंबाई, एवढ्या मळकट किटलीत आपण रोज चहा करून पीत होतो की काय, असं म्हणून तिला स्वतःचंच हसू आलं. चष्मा काढून तिने डावा डोळा हाताने झाकला, मग उजवा झाकला. आणि इथेच काहीतरी चुकलं. डावा डोळा जुनाच होता, त्यातला पडदा अजून तसाच होता, पण ओटा त्यालाही लख्ख दिसत होता. तिने खिडकीकडे पाहिलं. काचेपलीकडे शेजारच्या लाँड्रीची भिंत होती. सगळीच्या सगळी, वरच्या विटांपर्यंत, पाइपाखालच्या गंजाच्या ओघळासकट. वीस-बावीस वर्षांत ऐन उन्हाळ्यात तिने ती भिंत अशी उघडी कधी पाहिली नव्हती. मध्ये केळ असायची.

“कसं मोकळं मोकळं झालंय ना, आई?” मागून तिची बॅग घेऊन लेक आत आली. “तुला सांगायचंच नव्हतं. म्हटलं, नव्या डोळ्याने बघू दे. काय अंधार करून ठेवला होतास गं! आणि बाक पाहिलास? यांनी स्वतः बसवलाय, रविवारी. संध्याकाळी तिथे बसायचं, चहा प्यायचा. स्टुलावर चढायचं नाही.”

लेक हाडांची माणूस होती. म्हणजे हाडं मोडलेल्यांकडून व्यायाम करून घेणं हे तिचं काम. दिवसभर तिच्यासमोर खुब्याची हाडं मोडलेल्या म्हाताऱ्या येत आणि रात्री तिला आपली आई त्यांच्या रांगेत बसलेली दिसे. गेल्या वर्षी केळीची वाळलेली पानं कापायला आई स्टुलावर चढलेली तिने पाहिली होती, तेव्हापासून त्या झाडाशी तिचं वैरच होतं. हे सगळं आईला ठाऊक होतं. लेकीची काळजी खोटी नव्हती, आणि म्हणूनच तिला धड ओरडताही येईना. तिने खिडकीची कडी काढली, बाहेर वाकली.

“वाकू नकोस! पंधरा दिवस वाकायचं नाही म्हणून सांगितलंय.”

अंगणात, भिंतीच्या कडेला, गुडघ्याएवढा एक बुंधा उरला होता. वरून सपाट, एका रेषेत कापलेला. पापुद्र्यांची वर्तुळं एकात एक बसलेली आणि त्यांच्या मधोमध, रुपयापेक्षा जरा मोठा, पांढरा भरीव ठिपका. नुसती पानं काढणाऱ्या केळीत मधोमध असा ठिपका नसतो, गुंडाळलेलं कोवळं पान असतं. हा ठिपका म्हणजे दांडा होता. घडाचा दांडा.

“मी तुला सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“आखूड पान आलंय म्हणून.”

लेकीने बॅग खुर्चीवर ठेवली. तिला काहीच आठवत नव्हतं, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी फोनवर हिने सांगितलं होतं, अगं, आखूड पान आलंय, काल सकाळी उलगडलं, बाकीच्यांच्या निम्मंही नाही, आणि उभं, सरळ. लेक म्हणाली होती, हो का, वा, आणि रात्री आठनंतर काही खाऊ नकोस. एवढंच. दोन वाक्यं एकाच श्वासात, आणि पहिलं हवेत गेलं. माणूस म्हातारं झालं की त्याच्या तोंडातून निघालेलं निम्मं बोलणं असंच हवेत जातं. रक्तदाब, गोळ्या, जिना, पथ्य यांविषयी बोललं तर लोक लिहून घेतात. बाकीचं बोललं की वा म्हणतात. तिच्या डोक्यात तिडीक उठली, आणि ती तिडीक फक्त आजची नव्हती.

आखूड पान म्हणजे काय हे तिला कप्तानने शिकवलं होतं. कप्तान काही कप्तान नव्हता. तरुणपणी केळ्यांच्या बागेत आणि मग केळी वाहणाऱ्या बोटीवर हमाली करून तो तिच्या केळी पिकवण्याच्या वखारीत मुकादम म्हणून आला होता, आणि बोटीच्या गोष्टी सांगतो म्हणून कप्तान. वखारीत सगळ्यांनाच अशी नावं होती. तिला म्हणायचे चारनंबर. भिंतीवर केळ्याच्या रंगांचा एक तक्ता होता, एकपासून सातपर्यंत. एक म्हणजे गच्च हिरवं, सात म्हणजे सालीवर तपकिरी ठिपके. माल दुकानांना सोडायचा तो चारवर: हिरव्यापेक्षा पिवळा थोडा जास्त, देठ हिरवं. कोंदट थंड खोल्यांत गॅस सोडून दारं बंद करायची, पाचव्या दिवशी उघडून पाहायचं. तिने एकतीस वर्षं तेच केलं. साडेतीनचा माल ती सोडायची नाही, मालक खालून ओरडला तरी नाही. “पोटात कच्चं आहे,” म्हणायची, आणि एक केळं उभं चिरून दाखवायची. मालक म्हणायचा, बाई, लोकांना रंग लागतो, पोट कोण बघतं. ती दार लावून घ्यायची. त्या दिवसांत तिला असं दार लावून घेता येत होतं. पुढे खोल्यांना यंत्रं आली, रंग यंत्र पाहायला लागलं, आणि तिला आत जायचं काही कारणच उरलं नाही. तिला खोकी मोजायला बसवलं. निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकतीस वर्षं पाचच दिवसांत केळं पिकवणाऱ्या बाईला घड्याळ. तोंडाला पानं पुसणं आणखी वेगळं काय असतं?

पण या एकतीस वर्षांत तिने केळ्याची एकच जात पाहिली होती. खोक्यामागून खोकं, बोटीमागून बोट, तेच लांब, तेच वाकडं, त्याच चवीचं. डबा खाताना कप्तान बाकीच्या जाती सांगायचा. लाल सालीचं, बुटकं, आत नारिंगी. पाच धारांचं, उकडूनच खायचं, कच्चं खाल्लं तर दाताला चिकटून बसेल. राखी सालीचं, जिभेवर साईसारखं. बोटाएवढं, एका घासात दोन. “आणि एक आहे,” तो म्हणायचा, “डोंगरातलं. थंडी सोसतं. साल इतकी पातळ की बोटीत घातलं तर पोचेपर्यंत लगदा. म्हणून धंद्यात नाही ते. जिथे लागतं तिथेच खायचं. आंबूस असतं पहिल्यांदा. मग गोड. मग परत आंबूस, पण तोवर तू दुसरं सोलायला घेतलेलं असतंस.” असं म्हणून तो आपल्या डब्यातल्या कोरड्या पावाकडे बघायचा. निवृत्त होताना त्याने सगळ्यांना पेढ्यांऐवजी सिगारेटी वाटल्या आणि तिला एकटीला ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गाठोडं दिलं. कंद, आणि त्याला तलवारीसारख्या अरुंद पानांचं एक पिल्लू. कुठून आणलं होतं देव जाणे. “चारनंबर, तुझ्याकडे भिंत गरम आहे म्हणालीस ना? तिला चिकटून लाव. आणि एक ध्यानात ठेव, हिचं एक खोड एकदाच घड देतं. घड वरून येत नाही, तळातून निघतो, आतून चढत चढत शेंड्याशी येतो. यायच्या आधी एक आखूड पान काढते. ते पान दिसलं की मला कळव. कुठेही असलो तरी येईन.” तो कुठे होता ते मग कुणालाच कळलं नाही. आता असण्याचं वयही राहिलं नव्हतं. तरी अकरा दिवसांपूर्वी ते आखूड पान दिसलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला, कप्तानला कळवायला हवं. मग तिने लेकीला फोन केला होता.

“अगं पण परत येते ना ती दरवर्षी?” लेक म्हणत होती. “बाबा नाही का दरवर्षी कापायचे? मी लहान असल्यापासून बघतेय. थंडीच्या आधी कापायची, वसंतात परत हजर. आम्ही तेच केलं. उलट तुझं काम वाचवलं.”

बाबा कापायचे, हे खरं होतं. नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. थंड प्रदेशात केळ कशी जगवावी हे त्याने एका पुस्तकात वाचलं होतं: पहिलं हिम पडण्याआधी खोड गुडघ्याइतकं ठेवून कापावं, वर पेंढा घालावा, कंद तगतो. पुस्तकात गुडघ्याइतकं होतं, त्याने पट्टी घेऊन पंचेचाळीस सेंटिमीटर ठरवलं. दर वर्षी, त्याच आठवड्यात, पेन्सिलीची खूण करून, करवतीने. कंद तगायचा. वसंतात नवा पोगा वर यायचा, उन्हाळाभर पानं, माणसापेक्षा उंच, रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे, नवरा त्यांना सांगायचा, शोभेची आहे. शोभेची! ती एकदा म्हणाली, एखाद्या वर्षी उभी ठेवून बघू या का, गुंडाळून, खोडच तगलं नाही तर घड कुठून येणार? वर्षभर वाढायचं आणि कापून घ्यायचं, पुन्हा पहिल्यापासून. तो हसून म्हणाला, “या हवेत केळी लागत नसतात. तू वखारीत पिकवलीस तेवढी पुरे.” आणि खूण केली. अठरा वर्षं. अठरा वेळा तिने पेंढा धरला. भांडली नाही. झाडावरून कोण भांडतं? घरात त्याहून मोठे विषय होते, लेकीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, त्याच्या पोटाचं दुखणं. आता मागे वळून बघताना ते मोठे विषय सगळे धुरकट झाले होते आणि करवतीचा आवाज तेवढा स्वच्छ ऐकू येत होता. तो चांगला माणूस होता. चांगल्या माणसांचा हा एक त्रासच असतो, त्यांच्यावर रागवायला जागा सापडत नाही, आणि मग राग तसाच राहतो, न पिकता.

तो गेल्यावर पहिल्याच शरदात तिने करवत लाँड्रीवाल्याला देऊन टाकली. खोडाभोवती जाळीचा पिंजरा केला, आत वाळकी पानं दाबून भरली, वरून ताडपत्री. लाँड्रीच्या बॉयलरचा पाइप त्याच भिंतीतून जायचा, भिंत हिवाळाभर कोमट असायची. पहिल्या वर्षी पाणी आत शिरलं आणि खोड कुजलं. दुसऱ्या वर्षी शेंडा गोठला. लेक म्हणाली, आई, लोक एकटे पडल्यावर मांजर पाळतात. तिसऱ्या वर्षी तिने वखारीतल्या जुन्या मित्राकडून थंड खोल्यांच्या दारांवरचे जाड पडदे मागून आणले, त्यांत केळ उभीच्या उभी गुंडाळली, आणि भर थंडीत रोज सकाळी पडद्यात हात घालून खोडाला लावून बघितलं. हाताला कळायचं. एकतीस वर्षं हाताने दुसरं काय केलं होतं? वसंतात पडदे सोडले तर खोड शेंड्यापर्यंत हिरवं. तिथून पुढे पानामागून पान. ती मोजत होती. आणि मग ते आखूड पान.

“परत येत नाही ती,” ती म्हणाली.

“म्हणजे? आताच कोंब दिसतायत की बाजूने.”

“ती दुसरी येते. कापलेली येत नाही.”

“आई, झाडच ते.”

“तिला किती वर्षं लागतील? तीन धर. एखादा हिवाळा वाईट गेला तर चार. लाँड्रीवाला पुढच्या वर्षी बॉयलर काढतोय, गार भिंतीला कितीही लागतील. माझं वय किती?”

लेकीने आपला दवाखान्यातला आवाज काढला, हळू आणि गोड, जो ऐकून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या उठून चालायला लागत. “आई, तू दमलीयेस. आडवी हो बरं जरा. आपण बाजारातून एक छान मोठी केळ आणू, कुंडीतली.”

“खोड कुठे टाकलंत?”

“अं?”

“कापलेलं खोड. कुठे आहे?”

तेवढ्यात जावई आला. गाडी लावून, हातात डोळ्यांच्या थेंबांचं पाकीट घेऊन, आनंदात. “काय आई, कसा आहे बाक? पाणी लागून सडणार नाही असं लाकूड घेतलंय.”

“जावईबापू,” ती म्हणाली, आणि लेकीने दचकून पाहिलं, कारण एरवी आई त्याला असं कधी म्हणत नसे. “खोडाचं काय केलंत तुम्ही?”

“ते होय? केवढं जड हो ते! नुसतं पाणी. चार तुकडे करून लाँड्रीमागे ठेवलेत. उद्या कचऱ्याची गाडी येईल.”

“वरचा तुकडा घेऊन या.”

“वरचा म्हणजे कुठला?”

“ज्याला शेवटचं पान आहे. आखूड. तुम्हाला मोजमाप करता येतं ना, बाकाचं केलंत तसं. सगळ्यात लहान पान ज्याला असेल तो.”

तो बायकोकडे पाहू लागला. बायकोने जा म्हणून मान हलवली. तो गेला आणि बऱ्याच वेळाने हाताएवढा लांब, मांडीएवढा जाड, पाणी गळणारा तुकडा दोन्ही हातांत धरून आला, तान्हं मूल धरावं तसा, कपड्यांना लागू नये म्हणून अंगापासून दूर. वर ते पान होतं. कोमेजून लोंबलेलं, पण तेच. ती कपाटाकडे गेली. पाहुण्यांसाठी ठेवलेला पांढरा टेबलक्लॉथ काढला, झटकला, टेबलावर पसरला.

“अगं, त्यावर कशाला? खाली वर्तमानपत्र तरी—”

“यावर ठेवा.”

त्याने ठेवलं. पाण्याचा एक पिवळसर ओघळ कापडावर धावला. तिने सुरी काढून लेकीच्या हातात दिली.

“मी वाकायचं नाही ना? तूच सोल. वरून एकेक पापुद्रा काढ. जपून. आतलं कापू नकोस.”

“आई, हे काय चाललंय?”

“सोल.”

लेकीने उभी चीर दिली. तिचे हात कामाचे होते, सवयीने हळू चालत होते. पहिला पापुद्रा ओल्या चामड्यासारखा सुटला. दुसरा. आत जाळीदार, पाण्याने भरलेल्या खिडक्या खिडक्या. तिसरा, चौथा, प्रत्येक आधीच्यापेक्षा पांढरा. जावई खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. एकदा तो म्हणाला, “कांद्यासारखं आहे, नाही?” सातव्या की आठव्या पापुद्र्याखाली लेकीची सुरी थांबली. आत काहीतरी वेगळं होतं. तिने सुरी ठेवली आणि बोटांनी उरलेलं उकललं.

फिकट, मेणासारखं, लेकीच्या पंज्यापेक्षा थोडं मोठं, टोकाला निमुळतं. एकावर एक मिटलेल्या पाकळ्या. अजून रंगही भरला नव्हता, टोकाला नुसती जांभळी झाक. लेकीने हिच्याकडे पाहिलं. “उघड,” ती म्हणाली. लेकीने वरची पाकळी नखाने उचलली. खाली दोन ओळींत, काडेपेटीतल्या काड्यांसारखी, पांढुरकी हिरवी, एकमेकांना चिकटलेली केळी होती. चौदा. दुसऱ्या पाकळीखाली पंधरा. लेक ओठांतल्या ओठांत मोजत होती, आणि तिसऱ्या पाकळीपाशी तिचं मोजणं बंद पडलं.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

“मी सांगितलं होतं.”

“मला कळलं नव्हतं, आई.”

“विचारायचं होतंस.”

तिने हात पुढे करून पहिल्या फणीतलं एक केळं मोडून घेतलं. काडीहून जरा जाड, करंगळीच्या निम्मं. बावीस वर्षं. आंबूस, मग गोड, मग परत आंबूस. तिने ते तोंडात टाकलं आणि चावलं. तुरट. नुसतं तुरट. जीभ, टाळू, हिरड्या, सगळं कोरडं पडून आवळून आलं, जणू तोंडात चुना भरला. थुंकावंसं वाटलं. ती थुंकली नाही. पोटात कच्चं आहे, कप्तान, ती मनातल्या मनात म्हणाली, आणि गिळलं. डोळ्याला पाणी आलं, नव्या डोळ्याला, आणि लेक घाईघाईने थेंबांचं पाकीट फोडू लागली. तिने हाताने थांबवलं.

लेक रडत होती. आवाज न करता, तोंड वाकडं करून, लहानपणी पाटी फुटल्यावर रडायची तशी. अशा वेळी काय म्हणायचं ते हिला पाठ होतं. जाऊ दे. त्यात काय एवढं. नवऱ्याला म्हणाली होती, मालकाला म्हणाली होती, घड्याळ देणाऱ्या साहेबांना हसून म्हणाली होती. ते शब्द आताही जिभेच्या टोकाशी येऊन उभे होते, तयार, एवढ्या वर्षांच्या सवयीने गुळगुळीत झालेले. तिने तोंड मिटून धरलं. तुरटपणाने ओठ एकमेकांना चिकटलेच होते. लेकीने वाट पाहिली. जावयानेही पाहिली. लाँड्रीच्या भिंतीपलीकडे मशीन फिरायची थांबली, पुन्हा सुरू झाली.

शेवटी जावई पुढे झाला आणि पापुद्रे गोळा करू लागला. “मी हे उचलतो,” तो पुटपुटला, “जेवायची वेळ झालीय.”

“राहू द्या,” ती म्हणाली. “उचलू नका काही. ताटं याच्या बाजूने मांडा.”

“इथेच?”

“इथेच. जागा आहे.”

लेकीने डोळे पुसले, बरोबर आणलेल्या डब्यांतलं जेवण गरम केलं, ताटं मांडली. मधोमध ते उकललेलं फूल, त्याभोवती पापुद्र्यांचा ढीग, आणि कडेकडेने तीन ताटं, त्यांना जेमतेम पुरेल एवढीच जागा. तिघं बसली. जिथे जिथे पाणी ओघळलं होतं तिथे पांढरा टेबलक्लॉथ आता तपकिरी होऊ लागला होता, हळूहळू, डोळ्यांदेखत. लेकीच्या ते लक्षात आलं, आणि तिने ताटाखालचं कापड उचलून बघितलं.

“आई, डाग पडतोय. आता लगेच साबण लावला तर—”

“केळीचा चीक आहे,” ती म्हणाली. “साबणाने जात नाही तो.” आणि भाजीचं भांडं तिने जावयापुढे सरकवलं. “घ्या. नीट पोटभर जेवा.”